मिठानंतर येणारा वास

साकुराच्या, म्हणजे जपानी चेरीच्या फुलाला वास जवळजवळ नसतोच. जपानात नदीकाठी, शाळेच्या आवारात, ऑफिसच्या पार्किंगच्या कडेला जो फिकट गुलाबी सोमेइ योशिनो फुलतो, ज्याचे फोटो एव्हाना आपल्या सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलेत, त्याच्याखाली उभं राहून कितीही खोल श्वास घेतला तरी नाकाला फारसं काही मिळत नाही. मोगरा, बकुळ, सोनचाफा यांच्यात वाढलेल्या माणसाला तर हे पहिल्या वर्षी फारच विचित्र वाटतं, एवढं लगडलेलं झाड आणि हवेत काहीच नाही. आणि तरी फेब्रुवारी संपता संपता इथल्या दुकानांत साकुरा-स्वादाचा नुसता पूर येतो, लाटे, आइस्क्रीम, बिस्किटं, मोचि, केक, आणि या सगळ्यांत एकच वास असतो जो इथलं शाळकरी पोरगंही डोळे मिटून ओळखेल. मग झाडावर नाही तो वास खाण्यात आला कुठून?

मिठातून.

या वासामागे मुख्यतः जो पदार्थ आहे त्याचं नाव कूमारिन. साकुराच्या पानाफुलांत तो मोकळा नसतो, साखरेच्या रेणूला बांधलेल्या रूपात असतो, आणि त्या रूपाला वास नाही. त्याला सोडवणारं एन्झाइम पेशीत दुसऱ्या जागी असतं, त्यामुळे फूल झाडावर ताजं आहे तोवर त्या दोघांची भेटच होत नाही. मीठ लागलं, वर वजन ठेवलं, पाणी सुटलं, पेशी फुटल्या की मग ती भेट होते, साखर बाजूला होते आणि कूमारिन मोकळं होतं. वास कसा म्हणाल तर थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा, थोडा नुकतंच कापलेलं गवत उन्हात पडलं की येतो तसा. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात दालचिनी म्हणून जी जाड साल बहुतेकदा मिळते, कॅसिया, तिच्यातही हेच कूमारिन असतं, म्हणून पहिल्यांदा साकुराचं काही खाल्लं की हे आपण कुठेतरी खाल्लंय असं वाटत राहतं पण सापडत नाही.

मला यावर विचार करताना गुलकंद आठवतो. गुलाबाला वास मुळातच असतो, साखर तो धरून ठेवते, आजचा गुलाब सहा महिन्यांनी खायला मिळतो. साकुराच्या बाबतीत मीठ काही धरून ठेवत नाही, ते झाडावर कधी नव्हतंच असं काहीतरी फुलातून काढतं. म्हणून टिकवलेल्या फुलांचा विषय निघाला की लोक जे लगेच त्याला सजावटीच्या खात्यात टाकतात, "अय्या किती क्यूट" म्हणून फोटो काढून फूल बशीच्या कडेला सरकवून ठेवतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. ते फूल म्हणजे त्या पदार्थाचा मसाला असतो हो. ते काढून टाकलं तर खाली उरतो तो साधा भात किंवा साधं गरम पाणी.

आम्ही तोक्योशेजारच्या कानागावा प्रांतात राहतो, ओदाक्यू रेल्वे लाइनवर. याच लाइनवर पुढे हादानो नावाचं शहर आहे, उत्तरेला तान्झावाचे डोंगर, मध्ये खोलगट जागा, आणि दक्षिणेला टेकड्यांची एक रांग. त्यातल्या चिमुरा भागात खारवण्यासाठी लागणाऱ्या साकुराची झाडं आहेत. देशात जी खारवलेली साकुरा फुलं विकली जातात त्यांतला फार मोठा हिस्सा इथल्या झाडांवरचा, आणि हे काम तिथे एदो काळाच्या शेवटापासून चालत आलंय. शिबुसावा स्टेशनला उतरून वर चढत जायचं. पण ही झाडं फोटोतली नाहीत. फोटोतला सोमेइ योशिनो पाच पाकळ्यांचा असतो, फिका, आणि मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन जातो. खारवायला लागतो तो याएझाकुरा, म्हणजे दाट पाकळ्यांचा, आणि त्यातही मुख्यतः कान्झान ही जात, गडद गुलाबी, एका फुलात वीस-तीस किंवा त्याहून जास्त पाकळ्या, लांब देठाला दोन-तीन फुलांचा झुपका. हा उशिरा येतो, एप्रिलच्या मध्यावर. म्हणजे बातम्यांमधला साकुरा संपला, निळ्या ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या, ऑफिसं पुन्हा कामाला लागली, की मग चिमुरात शिड्या बाहेर निघतात.

तिथे गेल्यावर जे दिसतं ते हानामीपेक्षा, म्हणजे झाडाखाली ताडपत्री अंथरून फुलं बघत बसण्यापेक्षा अगदी वेगळं. उंच शिड्या झाडात घुसवलेल्या, शिडीच्या टोकावर बहुतेक वयस्क माणसं, कमरेला टोपली किंवा पिशवी, आणि हात इतक्या वेगाने चाललेला की बघत राहावं. फूल पूर्ण उमलायच्या आत तोडायचं असतं, साधारण सत्तर टक्के उमललेलं, कारण पूर्ण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या मिठात गळून जातात आणि अगदी मिटलेली कळी नंतर गरम पाण्यात उघडत नाही. देठासकट तोडायचं, झुपका मोडू द्यायचा नाही. हे सगळं मोजक्या दिवसांत, कारण एक गरम दिवस आला की निम्मं झाड हातचं जातं, आणि जोराचा पाऊस आला तरी तेच. झाडाखाली उभं राहून वर बघणाऱ्यांसाठी साकुरा म्हणजे क्षणभंगुरता वगैरे, त्यावर हजार वर्षं कविता झाल्यात, आणि त्या खऱ्याही आहेत. पण त्या शिडीवरच्या माणसाला मी बघितलं तेव्हा मनात आलं की याच देशात, याच फुलाबद्दल, अगदी दुसऱ्या प्रकारचं प्रेमही आहे, फुल गळायच्या आत गाठणारं, वजन करणारं, मीठ मोजणारं, आणि त्याच्यावर कोणी फारसं बोलत नाही.

आमच्या शेजारच्या आजी घरी खारवतात. त्यांच्या माहेरच्या अंगणात कान्झानचं एक झाड आहे, तिथून पिशवी भरून फुलं येतात आणि मग त्या मला हाक मारतात, "वेळ आहे का तुला, हात हवेत." हात हवेत म्हणजे फुलं धुवायला. एका मोठ्या भांड्यात पाणी घेऊन फुलं अलगद बुडवायची, हलवायची, धूळ आणि किडे खाली बसतात, तसं दोनतीनदा. मग चाळणीत निथळून, जुन्या मऊ टॉवेलवर पसरून पाणी टिपायचं, यात त्या अजिबात घाई करू देत नाहीत कारण पाणी राहिलं की बुरशी आलीच. मग फुलांचं वजन करायचं आणि त्याच्या साधारण वीस टक्के मीठ, म्हणजे शंभर ग्रॅम फुलांना वीस ग्रॅम. हलक्या हाताने चोळून डब्यात भरायची, वर वजन ठेवायचं. एक-दोन दिवसांत चांगलंच पाणी सुटतं आणि मोठ्या भांडंभर फुलांचा मुठीएवढा गोळा होतो, रंगही मळका जांभळट दिसायला लागतो, नवीन माणूस तिथेच घाबरेल. पण खरी गंमत पुढे आहे. ते पाणी पिळून टाकायचं आणि फुलांवर उमेझु ओतायचं.

उमेझु म्हणजे उमेबोशि घालताना, म्हणजे उमेची, जर्दाळूसारखी आंबट फळं मिठात घातल्यावर जो खारट आंबट रस वर येतो तो. नावातल्या 'झु'चा अर्थ व्हिनेगर असला तरी हे आंबवलेलं व्हिनेगर नाही, फळातलंच सायट्रिक आम्ल आणि मीठ. फुलांचा तो गुलाबी रंग अँथोसायनिनचा असतो आणि त्याला आंबट लागलं की तो उजळतो, त्यामुळे मळकट झालेली फुलं तुमच्या डोळ्यादेखत परत गुलाबी व्हायला लागतात. कितीही वेळा बघितलं तरी मला हे बघायचं असतं. लाल शिसो या सुगंधी पाल्याची पानं घातलेला लाल उमेझु वापरला तर रंग आणखी गडद येतो, पण आजींना पांढराच लागतो, त्यांचं म्हणणं फुलाचा स्वतःचा रंग दिसू दे, आणि मी त्यांच्याच पक्षाची आहे. हादानोपासून जवळच ओदावारा आहे, तिथल्या सोगाच्या उमेबागा प्रसिद्ध आहेत, त्यामुळे या भागात ज्यांच्या घरी साकुरा खारवतात त्यांच्या घरी उमेझुची बाटली असणं अगदीच स्वाभाविक. उमे जूनमध्ये, साकुरा एप्रिलमध्ये, म्हणजे या वर्षीच्या फुलांना गेल्या वर्षीच्या फळांचा रस, असं ते चक्र चालतं.

तीन दिवस ते आठवडाभर उमेझुमध्ये ठेवून मग फुलं बाहेर काढून चाळणीवर सुटी सुटी पसरायची, सावलीत, वाऱ्यावर, दोनतीन दिवस. कडकडीत सुकवायची नाहीत, बोटाला किंचित दमट लागली पाहिजेत. मग कोरडं मीठ लावून बरणीत. अंधारात, थंड जागी वर्षभर सहज राहतात, त्याहून जास्तही राहतात, फक्त रंग हळूहळू तपकिरीकडे जातो.

वापरायच्या आधी मात्र मीठ उतरवायचं. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, एखादं फूल तोंडात टाकून बघायचं, खारटपणा थोडा शिल्लक राहिला पाहिजे. सगळं मीठ काढलंत तर हातात ओला कागद उरेल. भातात घालायचं असेल तर काही फुलं बारीक चिरून भात शिजल्यावर मिसळायची आणि काही अख्खी वर ठेवायची. चावानमुशिवर, म्हणजे अंड्याच्या वाफवलेल्या पातळ कस्टर्डवर एक. स्वच्छ सूपमध्ये एक. वसंतातल्या ताइ माशाबरोबर वाफवताना दोनतीन. गोड कांतेनच्या, म्हणजे आगराच्या पारदर्शक वडीत अडकवलेलं एक, ते तर दुकानात काचेमागे बघितलं की पाय थांबतातच.

आणि साकुरायु. यावर मला थोडं थांबायचंय, कारण सगळ्यात साधा आणि सगळ्यात अवघड प्रकार हाच. कपात एक झुपका, मीठ थोडंसंच झटकलेला, आणि वर कडकडीत गरम पाणी. बस. गोळा झालेलं, सुरकुतलेलं, मिठाने पांढुरकं झालेलं ते फूल हळूहळू एकेक पाकळी सोडवत पाण्यात उघडतं आणि शेवटी देठावर उभं असल्यासारखं तरंगतं. पाणी किंचित खारट, किंचित आंबट, आणि तो वास वाफेबरोबर वर येतो. लग्नाच्या हॉलमध्ये नातेवाईक वाट बघत बसलेले असतात तिथे हे देतात, लग्न ठरवण्याच्या बैठकीतही देतात. चहा देत नाहीत. चहा गढूळ करणं म्हणजे वेळ मारून नेणं असा जपानीत वाक्प्रचार आहे, शिवाय मृत्यूनंतरच्या परतभेटीत चहा देण्याची पद्धत, त्यामुळे शुभकार्यात चहा नको. मग गरम पाण्यात काय, तर उघडणारं फूल. लग्न ऑक्टोबरमध्ये असो नाहीतर जानेवारीत. ताजा साकुरा फक्त एप्रिलच्या नशिबात असतो, पण बरणीतला साकुरा ज्या दिवशी बोलवाल त्या दिवशी येतो, आणि मला वाटतं ही फुलं टिकवण्यामागचं खरं कारण हेच असणार. अन्न टंचाईसाठी साठवतात, हे फूल आनंदाच्या दिवसासाठी साठवलंय.

पानांचं आणखी वेगळं जग आहे. खारवायला फूल कान्झानचं, पण पान ओशिमाझाकुराचं, कारण ते मोठं, मऊ, लव नसलेलं असतं आणि त्यात वासाची ताकद फुलापेक्षा जास्त. इझु द्वीपकल्पावरचं माट्सुझाकी गाव याचं मुख्य ठिकाण. तिथे झाडं उंच वाढूच देत नाहीत, बुंध्याशी छाटत राहतात म्हणजे नवीन फांद्या आणि कोवळी पानं येत राहतात, मे ते ऑगस्ट पानं तोडतात, पन्नास-पन्नासच्या गड्ड्या बांधतात आणि माणूस आत उभा राहील एवढ्या लाकडी पिंपांत मीठ घालून सहा महिने किंवा जास्त ठेवतात. ही पानं कुठे जातात तर साकुरामोचिला गुंडाळायला. तोक्योत सुमिदा नदीकाठी चोमेइजि देवळाचा राखणदार यामामोतो शिनरोकु याने 1717 साली देवळापुढे साकुरामोचि विकायला सुरुवात केली असं मानतात, नदीकाठच्या झाडांची झाडून झाडून कंटाळा येईल इतकी पानं त्याला रोज दिसत होती, ती त्याने मिठात घातली. ते दुकान अजून आहे. तिकडचा प्रकार म्हणजे मैद्याच्या पातळ धिरड्यात गोड आन, म्हणजे आझुकी या लाल कडधान्याचं पुरण, आणि ओसाका-क्योतोकडचा म्हणजे दोम्योजि, भरड तांदळाचा चिकट गोळा. पान खायचं की काढून ठेवायचं यावर इथे घराघरात मतं वेगळी. मी खाते. गोड आनवर तो खारट कडवट तुकडा आला नाही तर मला पुढचा घास घ्यावासाच वाटत नाही.

गोडावर खारट फूल, हे जपानी जिभेला इतकं पटलेलं आहे की ते पावातही शिरलं. किमुरा यासुबेइ नावाचा माणूस, तलवारी सोडून सामुराईंना नवे धंदे शोधावे लागत होते तो काळ, त्याने तोक्योत बेकरी काढली आणि 1874 मध्ये आनपान बनवला, म्हणजे बनपाव पण आतून गोड आन, आणि पीठ फुगवायला साके या तांदळाच्या दारूच्या खमिराचा वापर. 4 एप्रिल 1875 ला सम्राट मेइजिंपुढे तो पाव ठेवायचा होता. यामाओका तेश्शु हा सम्राटांच्या जवळचा माणूस मध्ये होता. तर त्या खास पावासाठी वर मधोमध बोटाने खळगा करून त्यात नारातल्या योशिनो डोंगरावरचं खारवलेलं याएझाकुरा बसवलं. सम्राटांना आवडला, पुढे देशभर झाला. गिन्झातल्या दुकानात आजही तो खळगा आणि ते फूल असलेला पाव मिळतो, आकाराने छोटासा, दोन घासांत संपतो. त्यातला दुसरा घास, ज्यात फूल येतं, तो खाऊन बघितल्यावर ते फूल सजावट आहे असं कोणी म्हणेल असं मला वाटत नाही.

साकुराबद्दल सगळेच लिहितात म्हणून शेवंतीबद्दल लिहायला हवं, कारण खाण्याच्या दृष्टीने जपानातलं मोठं फूल मला तर तेच वाटतं. यामागाता, नीगाता, आओमोरि, म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाच्या प्रदेशांत शेवंती ही भाजी आहे, सरळ भाजी. यामागातात मोत्तेनोहोका आणि नीगातात काकिनोमोतो अशा नावांनी विकली जाणारी जांभळट गुलाबी शेवंती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाजारात ढिगाने येते. पाकळ्या खुडायच्या, मधला कडू गाभा टाकायचा, उकळत्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात पाकळ्या अर्धा मिनिट, लगेच थंड पाण्यात, आणि पिळून सोयासॉस घातलेल्या दाशिमध्ये, म्हणजे जपानी सूपच्या पाण्यात, किंवा गोड व्हिनेगरमध्ये. व्हिनेगर कशासाठी, तर पुन्हा तोच अँथोसायनिन, आंबट असलं की रंग राहतो. मोत्तेनोहोकाच्या पाकळ्या चपट्या नसतात, नळीसारख्या गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे शिजल्यावरही दाताखाली कुरकुरतात, आणि चव किंचित कडवट, मागे गोडूस. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, बाकीचे लोक ते कोबीची कोशिंबीर खावी इतक्या सहज खात होते.

आओमोरितल्या नानबु भागात पिवळी आबोक्यू नावाची शेवंती होते आणि तिची वाळवणं करतात, किकुनोरि. पाकळ्या चौकटीत पसरून वाफवायच्या आणि सुकवायच्या की पिवळ्याधमक पातळ चादरी तयार होतात, सुशीला लावतात त्या नोरि शेवाळाच्या शीटसारख्या. थंडीत, सगळं बर्फाखाली असताना त्यातला तुकडा तोडून व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात टाकला की सुटून परत पाकळ्या होतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) घातलेल्या सूपमध्ये, अक्रोडाच्या वाटणात, व्हिनेगरात. यात कूमारिनसारखी जादू नाही, वास थोडा कमीच होतो, पण तीन-चार महिने खिडकीतून फक्त पांढरं दिसणाऱ्या घरात जेवणात तो पिवळा रंग येणं म्हणजे काय हे मी फेब्रुवारीत उत्तरेला गेले होते तेव्हा कळलं.

आणि साशिमीच्या ट्रेमध्ये असते ती छोटी पिवळी शेवंती, ती बिचारी सगळ्यात दुर्लक्षित. सुपरमार्केटच्या स्वस्त ट्रेमध्ये कधी कधी प्लॅस्टिकची असते, पण खरी असेल तर ती बहुतेक आइचि प्रांतातून आलेली असते आणि खाण्यासाठीच वाढवलेली असते. पाकळ्या चिमटीने सोयासॉसवर भुरभुरवायच्या आणि माशाबरोबर खायच्या. शिसोचा फुलोरा असेल तर दांडीवरून बोट ओढून फुलं सोयासॉसमध्ये पाडायची. असं करताना मी जपानी तरुण मुलांनाही फार कमी बघितलंय.

ताटात जे ठेवलंय ते खाण्याचंच असणार, हा इथला जुना विश्वास आहे आणि त्यामुळेच एक गोष्ट सांगायला हवी. 2008 च्या जून महिन्यात त्सुकुबातल्या एका रेस्टॉरंटमध्ये पदार्थाबरोबर शोभेसाठी हायड्रेंजियाचं पान ठेवलं होतं, लोकांनी ते खाल्लं आणि आठ जणांना उलट्या-चक्कर सुरू झाली, त्याच महिन्यात ओसाकातही असाच प्रकार झाला. हायड्रेंजिया पावसाळ्यातलं इतकं लाडकं फूल की ते विषारी असेल हे डोक्यातच येत नाही. म्हणून हल्ली ताटात काही फुलं ठेवायची फॅशन भारतातही हॉटेलांत आणि घरच्या केकवर जोरात आहे, ती करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, की फूल खाण्याचं म्हणून वाढवलेलं असेल तरच ताटात ठेवा. बाजारातली हाराची शेवंती, गुलाब, त्यावर काय काय फवारलेलं असतं ते धुऊन जात नाही. कण्हेर, धोत्रा तर बाजूलाच राहो. जपानात यासाठी वेगळी शेती आहे, तोयोहाशीत हरितगृहांत पॅन्सी, व्हायोला वगैरे खाण्यासाठी वाढवतात, आणि शिकोकूतल्या कामिकात्सु गावात 1986 पासून वयस्क बायका डोंगरातली पानं-फुलांच्या डहाळ्या तोडून मोठ्या शहरांतल्या रेस्टॉरंटना पाठवतात, 1981 च्या थंडीने गावातल्या संत्र्यांच्या बागा मेल्यावर शोधलेला हा मार्ग. कामिकात्सुबद्दल मला मनापासून आदर आहे. व्हायोला मात्र मला कधी फारसं आवडलं नाही, दिसायला छान, चवीला लेट्यूस.

वसंतात इथे कडू खातात. बर्फ वितळता वितळता जमिनीतून फुकि नावाच्या रानभाजीचा कळा वर येतो, फुकिनोतो, तो चिरून तेलावर परतून मिसो आणि साखर घालून आटवतात, फुकिमिसो, आणि बाटलीत भरून ठेवतात. गरम भातावर चिमूटभर. तोसुद्धा फुलाचा कळाच आणि तोसुद्धा टिकवलेलाच. हिवाळ्यानंतर शरीराला कडू द्यावं असं इथल्या बायका सांगतात तेव्हा मला आमच्या घरचा पाडवा आठवल्याशिवाय राहत नाही, कडुनिंबाची कोवळी पानं आणि फुलं, गूळ, जिरं, हिंग, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आणि आई सगळ्यांच्या हातावर जबरदस्तीने देणार. इथे कडुनिंब मिळत नाही. पाडवा येतो तो मात्र बहुतेक वर्षी अगदी सोमेइ योशिनोच्या दिवसांत, त्यामुळे गुढी बाल्कनीत आणि समोर रस्त्यावर झाडं फुललेली असं होतं. त्या दिवशी हातावर आता फुकिमिसोचा इवलासा गोळा असतो, मुलं तोंड वाकडं करतात, जसं आम्ही करायचो.

आणि श्रीखंडात साकुरा. दही रात्रभर टांगून चक्का, साखर नेहमीपेक्षा जरा कमी, वेलची-केशर काहीच नाही, कारण त्यांच्यापुढे या वासाचं काही चालत नाही. मीठ उतरवलेली फुलं चांगली पिळून, देठं काढून, बारीक चिरून आत, साधारण वाटीभर श्रीखंडाला चार-पाच झुपके. फ्रीजमध्ये तासभर तरी ठेवायचं, म्हणजे वास दह्यात उतरतो. दह्याचा आंबटपणा उमेझुला भेटतो आणि अधेमध्ये खारट कण येतो. आमच्याकडे पाडव्याला जमणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींना हे अजिबात मान्य नाही, श्रीखंडात मीठ म्हणजे काय, आणि त्यांच्यासाठी वेगळं केशराचं करते. पण शेजारच्या आजींना दिलं तेव्हा त्या चमचा तोंडात ठेवून जरा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हे गेल्या वर्षीचं आहे ना? यंदाचं अजून झाडावर आहे." वाटी पूर्ण संपवली त्यांनी.

त्यांच्या गुडघ्यांना आता फार वेळ उभं राहवत नाही, माहेरचं झाड त्यांचा भाऊ सांभाळतो आणि तोही ऐंशीच्या आसपासचा. चिमुरातही शिड्यांवर तरुण चेहरे मला फारच कमी दिसले. हे काम मशीनने होण्यासारखं नाही, अर्धवट उमललेलं फूल कोणतं ते हाताला आणि डोळ्यालाच कळतं, आणि आठवडाभराच्या कामासाठी शहरातून कोण येणार हा प्रश्न तिथल्या लोकांपुढे आहेच. मी दर वर्षी सुट्टी टाकून आजींच्या घरी फुलं धुवायला बसते ते काही फार मोठं काम नाही, पण मीठ किती, वजन किती, सावलीत किती दिवस हे आता माझ्या मुलीलाही तोंडपाठ आहे.

कोणी जपानहून येणार असेल आणि काय आणू विचारलं तर किटकॅटऐवजी हे छोटं पाकीट सांगा, वजनाला काहीच नसतं. मागे घटक बघायला सांगा, साकुरा, मीठ, उमेझु एवढंच लिहिलेलं असलं तर उत्तम, रंग घातलेलं असेल तर ते भलतंच भडक दिसतं आणि पाण्यात रंग सोडतं. उघडल्यावर बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. बीपी असेल तर एखाददुसरंच फूल, मीठ चांगलं उतरवून. आणि फुलं संपल्यावर बरणीत जे गुलाबीसर मीठ उरतं ते टाकू नका, त्यात सगळा वास असतो, गरम मऊ भातावर तूप आणि हे मीठ एकदा खाऊन बघा.